डोंगरउतारावर रोपं जगत नाहीत, मग जंगल येणार कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी तुमची सोसायटी आहे. मागच्या उतारावर तुम्ही रहिवासी मिळून तीन पावसाळे झाडं लावताय: वड, पिंपळ, कडुनिंब, बकुळ, सीताअशोक. दरवर्षी शंभर-सव्वाशे रोपं लावलीत, पण आज उभी आहेत जेमतेम वीस. बाकी सगळीकडे गवत, करवंदीच्या जाळ्या, घाणेरी आणि उंदीरमारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो तो वेगळाच. आता कमिटीत असं ठरतंय की दिवाळीनंतर ब्रश कटर लावून सगळं झुडूप साफ करायचं आणि येत्या जूनमध्ये मियावाकी करायची, म्हणजे दाटीवाटीने रोपं लावून झटपट जंगल उभं करायचं. तुम्ही विचारलंय की कोणती झाडं लावली तर टिकतील, सफाई करावी का आणि जंगल व्हायला किती वर्षं लागतात. तुमचं वय अठ्ठावन्न आहे, तेव्हा आपल्या हयातीत ते दिसेल का, हेही विचारलंय.

पहिलं उत्तर लगेच देते, कारण त्याला मुदत आहे. ब्रश कटर थांबवा. बाकीचं वाचून कमिटीत भांडायला वेळ मिळेल, पण पातं एकदा फिरलं की काही गोष्टी परत येत नाहीत.

गेली बावीस वर्षं मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी देशी झाडांची रोपवाटिका चालवते आणि जोडीला ठाणे, मुंब्रा, खारघर या पट्ट्यातल्या उघड्या पडलेल्या उतारांवर काम करते. तुमच्यासारख्याच एका उतारावर मला गुडघ्याएवढं ऐनाचं झुडूप दिसलं. चार-पाच काटक्या होत्या, बुडाशी जळल्याच्या खुणा होत्या. सोबतच्या मुलांना वाटलं, दोन वर्षांचं रोप असेल. आम्ही कुदळीने बाजूची माती हलकेच ओढली, तर खाली माझ्या मनगटापेक्षा जाड, गाठीगाठींचं मूळखोड निघालं. त्यावर जुने काळे वण होते, एकाशेजारी एक. दरवर्षी वणव्यात किंवा कोयत्याखाली वरचा भाग गेला होता आणि दरवर्षी खालून पुन्हा फुटवा आला होता. पाड्यावरच्या एका आजींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "हिथं ऐनच व्हता. आम्ही पोरी हिथनं लाकडं न्यायचो." म्हणजे ज्याला आम्ही रोप समजत होतो ते त्या आजींच्या बरोबरीचं झाड होतं, जमिनीखाली तग धरून बसलेलं. आम्ही माती परत लोटली, फुटव्यांतला एक सरळ निवडून बाकीचे छाटले आणि त्या तुकड्याभोवती जाळरेषा काढली, म्हणजे आग आत शिरू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा ठेवला. सहा वर्षांत तो फुटवा पंधरा फुटांवर गेला. त्याला आम्ही ना खत घातलं ना पाणी.

तुमच्या उतारावर 'झुडूप' म्हणून जे उभं आहे त्यात असे ऐन, पळस, कुंभा, साग, कुडा किती आहेत हे अजून कुणी मोजलेलं नाही. ब्रश कटर चालवणाऱ्याला घाणेरी आणि ऐन यांतला फरक कळायचं कारण नाही, त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात. तुम्ही शंभर रोपं लावून पाच-सात जगवताय, आणि ज्यांची मुळं आधीच कातळाच्या फटींत शिरलेली आहेत अशी कितीतरी झाडं त्याच हाताने छाटली जाणार आहेत.

म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'कोणतं झाड लावू' हा नाही. ही जमीन आपल्या प्रवासात कुठवर आलीय आणि तिला तिथेच कोण अडवून धरतंय, हा आहे.

या प्रवासाला वनस्पतिशास्त्रात अनुक्रमण म्हणतात. एखाद्या जागी आधी एक वनस्पतींचा समूह येतो, तो तिथली माती, सावली, ओलावा बदलतो, मग दुसरा येतो, मग तिसरा. त्याचे दोन प्रकार तुम्हाला घरापासून चालत जाऊन बघता येतील. नवी मुंबई बांधताना पारसिकच्या कुशी फोडून दगड काढला. त्या बंद पडलेल्या खाणीतला उघडा काळा कातळ हे पहिल्या प्रकाराचं उदाहरण. तिथे माती नाही, बी नाही, मूळ नाही. जवळ जाऊन बघितलंत तर दगडावर राखाडी-पांढरट खरबरीत डाग दिसतील. आपण गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतो त्याचे हे भाऊबंद. पावसाळ्यात भेगांमध्ये शेवाळ आणि नेचे येतात, ते मरून चिमूटभर माती होते, त्या चिमटीत गवत रुजतं. पक्ष्याच्या विष्ठेतून एखादी पिंपळाची बी भेगेत पडली तर ती मात्र हा सगळा क्रम ओलांडून थेट दगड धरते. एरवी तिथे वर्षांचा हिशोब दशकांत नाही, शतकांत करावा लागतो, कारण बेसॉल्टचा कातळ फार सावकाश झिजतो.

तुमचा उतार दुसऱ्या प्रकारातला आहे. जंगल तुटलं, जळलं, चरलं गेलं, पण माती थोडीफार राहिली. मातीत बिया राहिल्या, मुळं राहिली. अशा जागेला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. चराई आणि वणवा थांबला तर आपल्याकडे क्रम साधारण असा दिसतो. पहिली एक-दोन वर्षं टाकळा, तेरडा, कुर्डू यांचं राज्य. मग उंच गवतं दाट होतात. गवतात धायटी, मुरुडशेंग, कुडा आणि करवंद डोकं काढतात. त्यांच्या आडोशाने मोई, असाणा, सावर, पांगारा, शिवण अशी उन्हाची आवड असलेली, लवकर वाढणारी झाडं वर येतात. त्यांची सावली पडली की गवत विरळ होतं, आणि मग ऐन, बिबळा, हेद, कळंब यांचं सावकाश चालणारं जंगल आकार घेतं. ओहोळाच्या कडेला हीच गोष्ट उंबर, करंज आणि जांभळाला धरून घडते. आपल्या भागातलं मूळ जंगल या जातीचं आहे, उन्हाळ्यात पानं झाडणारं. केरळसारखं सदाहरित जंगल मनात धरून इथे कामाला लागलात तर दर एप्रिलला निराश व्हाल.

हा क्रम म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे, हे मात्र आधीच सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी असं मांडलं की वनस्पतींचा समूह एखाद्या सजीवासारखा वाढतो आणि शेवटी एका ठरावीक चरमावस्थेला, म्हणजे अखेरच्या स्थिर रूपाला, पोहोचतो. त्यांच्याच काळातले हेन्री ग्लीसन म्हणाले की तसं काही नाही, प्रत्येक जात आपापल्या सोयीने येते, आणि कुठे काय उगवेल हे बरंचसं कोणतं बी आधी पोहोचलं यावर ठरतं. दोन पावसाळे जवळून बघितले की दोघांचंही थोडंथोडं पटतं. पण माझ्या कामाला सर्वांत उपयोगी पडलं ते १९७७ साली जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर यांनी मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की आधी आलेली वनस्पती पुढच्या वनस्पतीशी तीन तऱ्हेने वागू शकते. ती तिची सोय करून देते, किंवा तिला येऊ देते आणि नुसतं सोसते, किंवा तिला अडवते.

आता ही तीन शब्दांची चाळण घेऊन उतारावर चला.

करवंद सोय करून देणारी. एप्रिलच्या दुपारी उघड्या मुरमावर हात ठेवा, चटका बसेल. मग काठीने करवंदीची फांदी बाजूला करून तिच्या बुडाशी हात घाला. खाली पानांचा चुरा असतो, त्याखालची माती थंड आणि भुसभुशीत लागते. शेळीला काट्यांमुळे आत तोंड घालता येत नाही. बुलबुल करवंदं खायला फांदीवर बसतात आणि आधी दुसरीकडे खाल्लेल्या मोईच्या, असाण्याच्या बिया तिथेच टाकतात. म्हणजे बी, सावली, खत आणि कुंपण चारही एका जागी. मी जानेवारीत एका जाळीत वाकून मोजलं होतं तेव्हा असाण्याची सहा आणि मोईची दोन पिल्लं निघाली. जाळीबाहेर त्याच माळावर वीस पावलांत एकही नव्हतं. तुमची कमिटी ज्याला 'काटेरी कचरा' म्हणतेय ती तुमची रोपवाटिका आहे, आणि तिला माळी लागत नाही.

कुडा सोसणाऱ्यांतला. चीक असल्यामुळे त्याला जनावर फारसं तोंड लावत नाही. तो उभा असतो, कुणाला मुद्दाम मदत करत नाही, आड येत नाही. त्याला हात लावायची गरज नाही.

अडवणाऱ्यांत पहिलं नाव दाट गवताचं, पण त्याचं कारण वणवा आहे. गवत एकटं झाडाला कायमचं रोखू शकत नाही. ते डिसेंबरपर्यंत वाळतं, फेब्रुवारीत कुणीतरी काडी लावतं किंवा बिडीचं थोटूक टाकतं, आग दहा मिनिटांत उतार चढून जाते. गवताचं मूळ जमिनीत सुरक्षित राहतं, जूनमध्ये ते पुन्हा हिरवं. दोन हात उंचीचं झाडाचं रोप मात्र गेलेलं असतं. असं दरवर्षी झालं की जमीन गवताच्याच पायरीवर थांबते. झाडाचं डोकं आगीच्या वर जायला आणि साल जाड व्हायला सलग चार-पाच वर्षं बिनवणव्याची मिळावी लागतात. तुमची रोपं मेली त्यातली बरीचशी इथेच मेली, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. वडाची जागा सागाने घेतली असती तरी फार फरक पडला नसता.

दुसरी अडवणारी रानमोडी आणि घाणेरी. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. घाणेरी शोभेचं झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणली गेली आणि पक्ष्यांनी तिची फळं सगळीकडे पोहोचवली. रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं. दाट माजल्या की खाली दुसऱ्या कशाला ऊनच मिळू देत नाहीत. तरीसुद्धा 'उपटून टाका' एवढं सोपं उत्तर मी देणार नाही, कारण ते मी करून बघितलंय. सुरुवातीच्या काळात मुंब्र्याच्या बाजूला एका उतारावर आम्ही मे महिन्यात एकर-दीड एकर घाणेरी एकदम काढली. उतार स्वच्छ दिसला, सगळ्यांनी फोटो काढले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस लागून पाऊस झाला आणि उघडी माती लाल पाण्यासारखी खाली गेली. जिथे वीतभर माती होती तिथे मुरूम उघडा पडला. पुढच्या हिवाळ्यात तिथे रानमोडी उगवली, घाणेरीपेक्षा दाट. ती चूक माझी होती आणि त्या उताराने तिची किंमत अजून फेडलेली नाही. आपल्याकडे वर्षभराचा सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. त्याच्या तोंडावर उतार मोकळा करणं म्हणजे माती हाताने लोटून देणं.

त्यानंतर मी घाणेरी तुकड्यातुकड्याने काढते. जिथे तिच्या खाली किंवा शेजारी देशी फुटवा दिसतो तिथे आधी, दोन-अडीच मीटरचं वर्तुळ मोकळं करायचं आणि थांबायचं. वरून छाटली तर ती दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटं मुळावर घाव घालायचा, झुडूप उलटं करायचं आणि मुळं वर करून तिथेच वाळू द्यायचं, म्हणजे ते माती धरूनही ठेवतं. रानमोडी श्रावणात, माती मऊ असताना, फुलं धरण्याआधी हाताने उपटून येते. जानेवारीत बी उडायला लागल्यावर तिला हात लावलात तर तुम्हीच पेरणी कराल.

उंदीरमारीबद्दल थोडक्यात. तिच्या ग्लिरिसिडिया या लॅटिन नावाचा अर्थही उंदीर मारणारी असाच. मध्य अमेरिकेतली, हवेतला नत्र मुळांत धरणारी. जनावरं सहसा खात नाहीत आणि फांदी खोचली तरी जगते, म्हणून आपल्या डोंगरांवर भरपूर लावली गेली. ती एका वर्षात तोडून टाकू नका, कारण कडक उन्हात तेवढीच सावली आहे. जिथे खाली ऐन, असाणा वर येताना दिसेल तिथे तिच्या वरच्या फांद्या उतरवा, त्या पालापाचोळ्याचं आच्छादन करा, आणि दर वर्षी थोडी थोडी कमी करत चला.

आता मियावाकी. अकिरा मियावाकी हे जपानचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा मूळ आग्रह मला मान्य आहे: त्या जागी माणसाने हात लावला नसता तर कोणतं जंगल असतं ते शोधा आणि त्याच जाती लावा. पण ही पद्धत अनुक्रमणाच्या मधल्या पायऱ्या गाळायचा प्रयत्न करते, आणि त्याची भरपाई दुसरीकडून करावी लागते. जमीन खोल खणायची, खत-भुसा मिसळायचा, चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं. सोसायटीच्या आवारात सपाट कोपरा आणि पाण्याची जोडणी असेल तर जरूर करा. तुमच्या उतारावर मात्र खोल खणायचं म्हणजे जेसीबी चढवायचा, जिवंत मुळं उखडायची आणि भुसभुशीत माती पावसाच्या हवाली करायची. शिवाय पाच गुंठ्यांना दीड ते अडीच हजार रोपं लागतील आणि ऑक्टोबर ते मे पाणी वर चढवावं लागेल. तेवढ्या पैशांत दोन माणसं पाच वर्षं आगीवर नजर ठेवू शकतील, आणि त्याचा उपयोग जास्त होईल.

माझ्या उत्तरातलं किती तुमच्याकडे लागू पडेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. माती किती खोल आहे? पहार ठोका. वीतभरच्या आत कातळ लागला तर तिथे उंच जंगल येणार नाही आणि आणूही नये. कातळाच्या सपाट जागांवर पावसाळ्यात जी इवली रानफुलं येतात त्यांचं ते घर आहे, तिथे खड्डा खणणं चूक. कारवी असेल तर तिलाही जपा, ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि तोवर उताराची माती धरून ठेवते. दुसरं, जवळ बी देणारी झाडं आहेत का? एखादी जुनी सावर किंवा उंबर उतारावर एकटं उभं असेल तर ते सोन्यासारखं समजा. सावर फुलली की तिच्यावर दिवसभर पक्ष्यांची रीघ असते, आणि पक्षी आले की बी आलं. येऊरला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल पाठीशी असल्यामुळे आमचं काम सोपं जातं. पारसिकच्या आजूबाजूला शहर, रस्ते आणि खाणी आहेत, त्यामुळे तुमच्याकडे हेद, बिबळ्यासारख्या जाती आपोआप पोहोचायला फार वेळ लागेल. तिथे माणसाने बी नेणं योग्य. तिसरं, जमीन वनखात्याची आहे की सिडकोची? लेखी परवानगीशिवाय जाळरेषाही काढू नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: उतार प्रवासाला निघालेला आहे, वणवा आणि सरसकट छाटणी त्याला दर वर्षी पहिल्या पायरीवर आणून बसवतात, आणि लावायचं ते जिथे सोय आहे तिथेच लावायचं.

तर पहिल्या वर्षी एकही रोप लावू नका. मला ठाऊक आहे की जुलैत फावडी घेऊन आलेल्या मुलांना हे सांगणं जड जातं. त्यांना दुसरं काम द्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत वाळायच्या सुमारास ते विळ्याने कापून खाली उतरवायचं, आणि उताराच्या कडेने चार-पाच मीटर रुंद जाळरेषा डिसेंबरअखेर पूर्ण करायची. जुन्या गावांत चराईबंदी-कुऱ्हाडबंदी करत तशी इथे काडीबंदी करा. शेळ्या चारणाऱ्यांशी, संध्याकाळी वर बसायला येणाऱ्या मुलांशी आधीच बोला. गवत फुकट कापून न्या असं गुरं पाळणाऱ्यांना सांगितलंत तर आगीचं निम्मं इंधन तेच उचलून नेतील आणि उताराकडे लक्षही ठेवतील. होळीच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस माणूस हजर पाहिजे.

दुसऱ्या वर्षी टोकणी, म्हणजे बी थेट जमिनीत लावणं. पळसाच्या बिया मेअखेरीस पडतात त्या गोळा करून पहिल्या पावसात लगेच टोका, त्या फार टिकत नाहीत. बहाव्याचं बी टणक असतं, दगडावर घासून मगच मातीत घाला. खैराचं रात्रभर पाण्यात भिजवून. टोकायचं ते उघड्यावर नको, करवंदीच्या जाळीच्या कडेला, उत्तरेच्या अंगाने, जिथे दुपारची सावली पडते. पांगारा आणि मोईला तर रोपही लागत नाही. मनगटाएवढ्या जाड, पुरुषभर उंच फांद्या पावसाच्या सुरुवातीला दीड हात खोल रोवल्या की बहुतेक फुटतात. त्यांचा शेंडा शेळीच्या आवाक्याबाहेर असतो आणि पहिल्या वर्षापासून पक्ष्यांना बसायला जागा मिळते. ज्या जाळीत आधीच काही उगवलंय तिथे काही करू नका.

तुम्ही लावलेल्या जातींविषयी विचारलंत म्हणून सांगते. बकुळ आणि सीताअशोक ही सावलीत, ओलाव्यात वाढणारी झाडं, उघड्या उतारावर ती पहिल्याच उन्हाळ्यात हरतात. ती पुढे, सावली झाल्यावर, ओहोळाजवळ लावता येतील. कडुनिंब घाटावरच्या कोरड्या मुलखातला, तिकडे तो जोरात येतो, पण या डोंगराचा तो मूळ रहिवासी नाही. वड-पिंपळ चिवट आहेत. तुमची जी वीस जगली त्यांत तेच जास्त असतील असा माझा अंदाज आहे. त्यांना राहू द्या, पुढे त्यांच्या फळांवर येणारी पाखरं तुमचं काम करतील.

आता वर्षांचा प्रश्न. हे आकडे माझ्या उतारांवरून बांधलेले अंदाज आहेत, आणि मध्ये एक मोठा वणवा आला तर मोजणी बरीचशी मागे जाते. आग थांबली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुटव्यांनी माणसाची उंची गाठलेली दिसेल. आठ-दहा वर्षांत मोई, असाणा, पांगाऱ्याखाली तुम्ही चटई टाकून बसू शकाल आणि तिथे गवत विरळ झालेलं असेल. पंधरा-वीस वर्षांत उतार खालून बघताना सलग हिरवा वाटेल. हेद-बिबळ्याचं पक्कं जंगल व्हायला मात्र पन्नास वर्षं कमीच. ते तुम्हाला दिसणार नाही, मलाही नाही. पण सत्तरीत तुम्ही ज्या सावलीत बसाल ती खरी जंगलाची सावली असेल, एवढं मी अनुभवावरून सांगू शकते.

कमिटीच्या मीटिंगआधी एक रविवार हातात असेल तर हे करा. पानं अजून झाडांवर आहेत तोवर सात-आठ जणांनी लाल चिंध्या घेऊन उतारावर जा आणि प्रत्येक देशी फुटव्याला एक चिंधी बांधा. ओळखायचं कसं ते सांगते. ऐनाचं पान उलटं करा, देठाजवळ मधल्या शिरेला लागून चामखिळीसारख्या दोन बारीक गाठी दिसतील. पळसाला तीन पानं एका देठावर, जाड आणि खरखरीत. कुंभ्याची मोठी पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून असतात. कुड्याचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. असाण्याच्या कोवळ्या खोडावर काटे असतात आणि पानाच्या बाजूच्या शिरा आखल्यासारख्या समांतर जातात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. ज्याची खात्री नाही त्यालाही चिंधी बांधा, आणि पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मला पाठवा. मग चिंध्या मोजा, आणि तो आकडा तीन वर्षांत जगलेल्या वीस रोपांच्या शेजारी लिहून मीटिंगला घेऊन जा.